फिफ्थ व्हील घ्यायचंय? आधी ट्रकच्या दारावरचा आकडा वाचा

अमेरिकेत किंवा कॅनडात कॅम्पिंगचा नाद लागलेल्या कुटुंबाची चढण साधारण ठरलेली असते. आधी तंबू, मग पॉप-अप (घडी उघडून उभा करायचा ट्रेलर), मग एसयूव्हीमागे ओढायचा पंचवीसेक फुटी ट्रॅव्हल ट्रेलर. पुढे मुलांचे पाय बंकच्या (वरखाली बसवलेल्या अरुंद बिछान्यांच्या) बाहेर यायला लागतात, उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा यायचे ठरतात आणि नजर फिफ्थ व्हीलकडे वळते.

फिफ्थ व्हील म्हणजे पिकअप ट्रकच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात), मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या साधनावर, नाक टेकवून ओढायचा ट्रेलर. भार ट्रकच्या शेपटीला न लटकता थेट अ‍ॅक्सलवर येतो, म्हणून शेजारून अठरा चाकी गेली तरी ट्रेलर फारसा डुलत नाही. नाकाचा भाग बेडवर चढत असल्याने आतल्या जागेच्या मानाने एकूण लांबी कमी भरते आणि आत उंची भरपूर मिळते. बदल्यात तीन गोष्टी सोसाव्या लागतात. एसयूव्ही चालत नाही, पिकअपच लागतो. बेडची जागा हिच खाते, त्यामुळे सायकली आणि जनरेटर कुठे ठेवायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. आणि झोपायची खोली, बहुधा बाथरूमही, आत दोन-तीन पायऱ्या वर असते. यातलं एखादं घरात जमणारं नसेल तर बत्तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घ्या आणि सुखी राहा. फिफ्थ व्हील ही त्याच्या वरची पायरी आहे, असं मानायचं काही कारण नाही.

पहिली पायरी: दारावरचा स्टिकर

शोरूममध्ये ट्रेलर आधी आवडतो आणि ट्रकचा विचार मागून होतो. नेमकं इथंच घोडं पेंड खातं. म्हणून शोरूमला जायच्या आधी ट्रकचं ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या माहितीचा पिवळी पट्टी असलेला पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा तुमच्याच ट्रकचा पेलोड. शेजाऱ्याचा त्याच मॉडेलचा ट्रक असला तरी त्याचा आकडा वेगळा निघू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या सीट अशी प्रत्येक जोड यातून वजा होत जाते.

जाहिरातीत दिसतो तो टोइंगचा आकडा: १८,००० पौंड, २०,००० पौंड. तो खोटा नसतो, पण फिफ्थ व्हीलच्या बाबतीत त्याच्या कितीतरी आधी पेलोड संपतो. ट्रॅव्हल ट्रेलरचा भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर येतो, फिफ्थ व्हीलचा १५ ते २५ टक्के. ट्रेलरच्या नाकाखालची जी लोखंडी पिन हिचमध्ये अडकते तिच्यावरचा हा भार म्हणजे पिन वेट, आणि तो पूर्णच्या पूर्ण ट्रकच्या बेडवर बसतो. नाकापेक्षा मोती जड होतो तो इथे.

हिशेब असा मांडायचा. समजा, घरातली चार माणसं मिळून ५०० पौंड. हिच १५० पौंड. बेडमध्ये आणि मागच्या सीटवर अवजारं, कूलर, खुर्च्या असं २०० पौंड. झाले ८५०. दारावरच्या आकड्यातून हे ८५० वजा करा. उरेल त्याला ०.२० ने भागा. येईल ते तुम्हाला झेपणाऱ्या ट्रेलरचं जास्तीत जास्त भरलेलं वजन. ०.२२ ने भागलंत तर आणखी शहाणपणाचं, कारण बंकवाल्या ट्रेलरमध्ये सामानाचं मोठं कपाट बरेचदा पुढे, पिनजवळ असतं.

आता हाच हिशेब तीन ट्रकांना लावून बघू. हाफ-टन ट्रक, म्हणजे फोर्ड एफ-१५० च्या जातीचा, स्टिकर १,६०० पौंड: उरले ७५०, म्हणजे ट्रेलर ३,७५० पौंडांचा. या वजनात कुटुंबाला पुरेल असं फिफ्थ व्हील मिळत नाही. थ्री-क्वार्टर-टन डिझेल, स्टिकर २,२०० पौंड: उरले १,३५०, ट्रेलर ६,७५० पौंडांचा. इथे बहुतेकांना धक्का बसतो. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा शेकडो पौंडांनी जड असतं आणि या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांचं भरल्यावरचं एकूण वजन १०,००० पौंडांच्या आसपास बांधलेलं असतं. त्यामुळे जास्त ताकदीच्या ट्रकचा पेलोड उलट कमी भरतो. दिसायला जवळजवळ तसाच वन-टन ट्रक, एफ-३५० किंवा रॅम ३५००, मागे एकेकच चाक, स्टिकर ४,००० पौंड: उरले ३,१५०, ट्रेलर १४,००० ते १५,७५० पौंडांचा. दोन मुलांचं बंकवालं फिफ्थ व्हील भरल्यावर साधारण १०,००० ते १४,००० पौंडांत येतं. म्हणजे ट्रक अजून घ्यायचा असेल तर थ्री-क्वार्टर-टनवर थांबू नका. किमतीतला फरक मोठा नसतो, पेलोडमधला असतो.

भागाकारातून आलेला आकडा ट्रेलरच्या कोणत्या वजनाशी ताडायचा? जीव्हीडब्ल्यूआरशी, म्हणजे पूर्ण भरल्यावरच्या, कंपनीने ठरवून दिलेल्या जास्तीत जास्त वजनाशी. माहितीपत्रकात ड्राय वेट आणि त्यावरून काढलेला हिच वेट ठळक छापतात. ती बोलाची कढी. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, बॅटरी आणि गॅसही बरेचदा धरलेला नसतो. ‘हाफ-टन टोएबल’ (हाफ-टन ट्रकने ओढता येईल) असं ट्रेलरच्या अंगावर लिहिलेलं असतं, त्या शब्दांमागे कोणतंही सरकारी प्रमाण नाही.

मागचा भाग बसू नये म्हणून एअरबॅग लावून देतो, असं कुणीतरी सांगेलच. एअरबॅगने ट्रक सरळ उभा राहतो, पण दारावरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. मागचा अ‍ॅक्सल, चाकं आणि टायर तेच असतात.

दुसरी पायरी: बेडची लांबी आणि हिच

क्रू कॅब (चार दारांच्या) ट्रकचा बेड साडेपाच, साडेसहा किंवा आठ फुटी असतो. आठ फुटी बेडला साधी, स्थिर हिच पुरते. साडेसहा फुटीला बहुतेक वेळा चालते, कारण हल्लीच्या ट्रेलरांची नाकं कोपऱ्यात खोलगट केलेली असतात. साडेपाच फुटी बेडला मात्र काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा थेट कॅबच्या मागच्या काचेवर येतो. त्यासाठी सरकती हिच लागते. हाताने सरकवायच्या हिचमध्ये वळणाआधी उतरून कळ ओढावी लागते आणि ते नेमकं घाईत विसरतं. आपोआप सरकणारी घ्या, जड आणि महाग असली तरी. तिचं जास्तीचं वजनही पेलोडमधून वजा करायला विसरू नका.

नवीन ट्रक घेताना कारखान्यातूनच ‘फिफ्थ व्हील प्रेप’ मागवा. बेडमध्ये हिचसाठी खाचा येतात आणि ट्रेलरच्या दिव्यांची आणि ब्रेकची केबल जोडायचं सात पिनांचं सॉकेट बेडच्या आतच मिळतं. नंतर रेल बसवायच्या म्हणजे बेडला भोकं पाडणं आलं. आधीच बेडमध्ये गूजनेकचा (दुसऱ्या जातीचा ट्रेलर अडकवायचा) गोळा असेल तर बी अँड डब्ल्यू कंपॅनियनसारखी त्याच भोकात बसणारी हिच मिळते. ती दोन तुकड्यांत काढता येते आणि एरवी बेड मोकळा राहतो.

एक मोजणी कुणी करत नाही. ट्रेलरचा तळ आणि बेडची कड यांत साधारण सहा इंच अंतर हवं, नाहीतर पेट्रोल पंपाच्या उतारावर कड चेपते. हल्लीचे ट्रक उंच झालेत, त्यामुळे हे अंतर राखलं की ट्रेलरचं नाक वर राहतं. नाक वर म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर जादा भार, मग मागचेच टायर लवकर झिजतात, फुटतात. पिन बॉक्सची (ट्रेलरच्या नाकाखालच्या, पिन धरणाऱ्या चौकटीची) आणि हिचची भोकं वरखाली करून ट्रेलर सपाट उभा राहतो का, हे ताबा घेण्याआधी डीलरच्या आवारातच, स्वतःच्या ट्रकला जोडून, पट्टी लावून बघा.

तिसरी पायरी: ट्रेलरचे स्वतःचे आकडे

ट्रेलरच्या दाराजवळही पिवळा स्टिकर असतो. त्यावर किती सामान भरता येईल, तो आकडा असतो. त्याला सीसीसी म्हणतात. चौघांच्या कुटुंबाचं सामान, भांडी, अंथरुणं, खेळणी आणि खुर्च्या मिळून सहज १,००० ते १,५०० पौंड होतात. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की आणखी ५०० पौंड. सीसीसी २,००० पौंडांच्या आत असलेला बंकवाला ट्रेलर दिसला तर पुढच्या ट्रेलरकडे वळा. सुंदर, मोठा आणि हलका ट्रेलर बघितला की सीसीसी आधी वाचा. तिथे बहुधा कात्री लागलेली असते.

टायरचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. १२,००० पौंडांच्या ट्रेलरचं पिन वेट २,४०० धरलं तर अ‍ॅक्सलवर ९,६०० उरले. एसटी २२५/७५आर१५, लोड रेंज ई टायरची मर्यादा ८० पीएसआय हवेत २,८३० पौंड. चार टायर मिळून ११,३२०. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास सवड, आणि तेवढी तरी हवीच, कारण स्वयंपाकघराची स्लाइड (मुक्कामी बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असलेली बाजू नेहमी जड भरते. सवड याहून कमी असेल तर सोळा इंची चाकांचा पर्याय मागा. ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच जातात, ते वयाने जातात. बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी नवीकोरी दिसली तरी बदला. हवा थंड टायरमध्ये भरायची, बाजूवर छापलेल्या दाबाइतकी.

चौथी पायरी: आतला आराखडा

इथे घाई करू नका. ट्रेलरमध्ये तासभर बसा, सगळे जण, आणि सेल्समनला बाहेर थांबवा.

सुरुवातीलाच स्लाइड आत घ्यायला सांगा. प्रवासात वाटेत थांबल्यावर ट्रेलर याच अवस्थेत असतो. या अवस्थेत बाथरूमपर्यंत जाता येतं का? फ्रिजचं दार उघडतं का? बऱ्याच सुंदर आराखड्यांत किचनचा ओटा येऊन बाथरूमची वाट अडवतो. मग दर रेस्ट एरियात सगळी स्लाइड उघडायची किंवा मुलांना बाहेर पळवायचं.

बंकसाठी दोन ठिकाणं असतात. एकदम मागची खोली किंवा मधली खोली, कधी तिच्यावर पोटमाळा. मागची खोली मोठी, तिला बरेचदा स्वतःचं अर्धं बाथरूम आणि बाहेर जायचं दार असतं. पण मुलं आणि आई-वडील यांच्यामध्ये अख्खा ट्रेलर येतो. अगदी लहान मुलं असतील तर मधली खोली बरी. वयात येणारी असतील तर मागची. प्रत्येक बंकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. वरचा बंक १५० पौंडांचा असेल तर तो किती वर्षं पुरेल, हे तुमचं तुम्हाला कळेल.

आजी-आजोबा दरवर्षी दोन-तीन महिने येणार असतील तर आराखड्याचा निकाल त्यांचे गुडघे लावतात. बाहेरून चढायला घडीच्या डुगडुगत्या पायऱ्या नकोत, जमिनीवर टेकणाऱ्या भक्कम पायऱ्या हव्यात, शेजारी लांब दांडा हवा. आत त्यांची झोपायची सोय बहुधा खाली, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर होते आणि बाथरूम वर असतं. रात्री अंधारात दोनदा त्या पायऱ्या चढायच्या. म्हणून खाली अर्धं बाथरूम असलेला आराखडा त्यांच्यासाठी सगळ्यात सोयीचा, मग त्यापायी लांबी दोन फूट वाढली तरी चालेल. ते नसेल तर पायऱ्यांच्या कडेला दिवे आणि कठडा आहे का बघा. सोफा-बेड नुसता बघून पुरत नाही, आडवं होऊन बघा. मधला आडवा दांडा पाठीला लागतो तो तिथेच कळतो.

किचनमध्ये घरून आणलेला तवा आणि पाच लिटरचा कुकर शेगडीवर एकाच वेळी ठेवून बघा. हसणाऱ्याला हसू द्या. तीन बर्नरच्या या शेगड्या एका भांड्याच्या अंदाजाने बनवलेल्या असतात. तवा ठेवला की कुकर कडेला लटकतो आणि त्याचं हँडल वरच्या कपाटाखाली अडतं. वरच्या पंख्याची हवा खरंच बाहेर जाते का, तेही तपासा. काहींमध्ये ती नुसती जाळीतून फिरून आत येते आणि फोडणीचा वास पुढच्या ट्रिपपर्यंत गाद्यांत राहतो. हवा बाहेर जाणारी असेल तर बाहेरच्या झडपेला प्रवासात बंद ठेवायची खिट्टी असते. ती उघडली नाही तर पंखा नुसताच घरघरतो. मिरचीची फोडणी पडली की छताजवळचा धुराचा भोंगा वाजणार, हे धरून चाला. छताची खिडकी उघडा, पंखा आधी लावा, पण भोंग्याची बॅटरी काढू नका. जमिनीलगत आणखी एक भोंगा असतो, तो प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून तो तिथे. त्याचंही आयुष्य ठरलेलं असतं, पाच ते सात वर्षं. जुना ट्रेलर घेताना मागची तारीख वाचा.

बाहेरचं किचन ही चैन वाटते, पण मासे तळायचे असतील तर तीच खरी गरज.

पाचवी पायरी: वीज, पाणी आणि सांडपाणी

ट्रेलर ३० अँपिअरचा असतो किंवा ५० चा. नावावरून दुपटीहून कमी वाटतं, प्रत्यक्षात ३० म्हणजे ३,६०० वॉट आणि ५० म्हणजे १२,००० वॉट, कारण ५० मध्ये १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र तारा येतात. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १५ अँपिअर ओढते, एसी साधारण तेवढाच, पाणी तापवायचा वीजेचा हीटर १२. तीस अँपिअरवर तिन्ही लावले की ब्रेकर पडणारच. टेक्सास-अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात दोन एसी लागतात, तिथे ५० ला पर्याय नाही. कॅम्पग्राउंडचा खांब कोणत्या अवस्थेत असेल, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून कमी-जास्त व्होल्टेज आल्यावर वीज तोडणारं ईएमएस घ्याच. नुसता सर्ज प्रोटेक्टर कमी व्होल्टेजपासून वाचवत नाही, आणि एसीचा कॉम्प्रेसर जातो तो बहुधा कमी व्होल्टेजने. पाण्याच्या नळाला ४० ते ५० पीएसआयचा रेग्युलेटर लावा.

टाक्या तीन: चांगलं पाणी, ग्रे (सिंक आणि शॉवरचं) आणि ब्लॅक (संडासचं). हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी) नसलेल्या जागी सगळ्यात आधी भरते ती ग्रे. डाळ-भात, भाजी, पोळी, चहा अशा जेवणाची भांडी अमेरिकन सँडविचच्या जेवणाहून कितीतरी जास्त निघतात. त्यामुळे आपल्याकडे ग्रे टाकी ७५-८० गॅलनची असणं फायद्याचं. किचनची आणि शॉवरची ग्रे टाकी वेगळी असेल तर दोन्हींचे आकडे वेगळे विचारा. जाहिरातीत ते बेरीज करून छापतात. तेल, शितं आणि चहाचा चोथा सिंकमध्ये गेला की चार दिवसांनी वास सुटतो. ताटं कागदाने पुसूनच धुवा.

संडासात पाणी वापरायची आपली सवय असते. हातातला स्प्रे लावून मिळतो, लावाही, फक्त त्याने ब्लॅक टाकी लवकर भरते हे धरून ठेवा. एका बाबतीत मात्र पाण्याचा फायदाच होतो. ब्लॅक टाकीत पाणी कमी पडलं की मैला साचून घट्ट डोंगर होतो. हुकअपवर असतानाही ब्लॅकची झडप कायम उघडी ठेवू नका. तसं केल्याने पाणी वाहून जातं आणि डोंगर मागे राहतो. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग आधी ब्लॅक, नंतर ग्रे सोडा म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

सहावी पायरी: लांबी आणि उंची

छत्तीस फूट ट्रेलर आणि बावीस फूट ट्रक म्हणून अठ्ठावन्न फूट होत नाहीत, नाक बेडवर चढतं. तरी पन्नासच्या वर जातातच. राष्ट्रीय उद्यानांतली जुनी कॅम्पग्राउंड या मापासाठी नाहीत. योसेमिटीच्या अप्पर पाइन्समध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे आणि उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीत. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फूट. तिथे शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये मोठे ट्रेलर आणि पूर्ण हुकअप चालतात. यलोस्टोनमध्ये पूर्ण हुकअप फक्त फिशिंग ब्रिजला. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या भागात २१ फुटांवरची वाहनंच सोडत नाहीत, तेव्हा ट्रेलर खाली लावूनच वर जायचं. उद्यानांच्या आतच राहायची हौस असेल तर तीस फुटांच्या आतलं शोधा, आणि त्यापायी बंकची खोली गेली तर ती गेली.

उंची साडेबारा ते साडेतेरा फूट. छतावरच्या एसीपर्यंत टेप लावून मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. फोनमधला साधा नकाशा ही उंची धरत नाही. आरव्हीसाठीचा, म्हणजे अशा राहत्या वाहनांसाठीचा, जीपीएस घ्या. न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर ट्रेलरला बंदी आहे आणि तिथले जुने कमानी पूल फार बुटके आहेत. न्यू जर्सीहून लाँग आयलंडकडे निघालेल्यांनी हे आधीच बघावं. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या बोगद्यांतून ट्रेलरच्या मापाचे प्रोपेन सिलिंडर नेता येत नाहीत. तिथला फ्रान्सिस स्कॉट की पूल मार्च २०२४ मध्ये कोसळल्यापासून आय-६९५ ने पश्चिमेकडून वळसा घ्यावा लागतो.

परवान्याचं राज्याराज्यात वेगळं असतं. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला साध्या क्लास सी परवान्यावर वेगळी नोंद लागते, १५,००० च्या वर खासगी क्लास ए. टेक्सासमध्ये ट्रेलर १०,००० पौंडांवरचा आणि ट्रक-ट्रेलरचं एकत्रित वजन २६,००१ पौंड किंवा जास्त असेल तर खासगी क्लास ए. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल असते, रस्त्यावर ७० लिहिलेलं असलं तरी.

सातवी पायरी: खरेदी

एकाच दिवशी पंचवीस आराखडे बघायचे असतील तर पेनसिल्व्हेनियात हर्शीला सप्टेंबरमध्ये भरणारं प्रदर्शन गाठा. तिथे सही करायची गरज नाही. छापील किंमत ही फक्त बोलणी सुरू करायची जागा असते. मासिक हप्त्यावर बोलू नका, एकूण किमतीवर बोला, कारण आरव्हीचं कर्ज पंधरा-वीस वर्षांचं असतं आणि ट्रेलरची किंमत त्याहून खूप वेगाने उतरते. हिच, बसवणी, विमा आणि ठेवायच्या जागेचं भाडं बजेटमध्ये आधीच धरा. बऱ्याच उपनगरांत घरासमोर ट्रेलर उभा करू देत नाहीत.

तीन-चार वर्षं वापरलेला ट्रेलर घेणं बहुतेकांना परवडतं, फक्त पाणी मुरलेलं नको. ओलावा मोजायचं छोटं मीटर विकत घ्या आणि खिडक्यांचे खालचे कोपरे, स्लाइडचे कोपरे, पुढच्या टोपीचा जोड आणि बंकच्या मागची भिंत तपासा. बाहेरून दिव्याची तिरीप भिंतीलगत टाका. भिंत फुगलेली असेल तर थर सुटलेत, आणि ती दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीच्या अंगावर येते. स्लाइडजवळ जमीन पायाखाली दबते का बघा. छतावर चढून जोडांवरचं सीलंट तडकलंय का पाहा. पिन बॉक्सच्या आणि त्याच्या मागच्या चौकटीच्या वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी चीर दिसली तर चौकट वाकत असते, तो ट्रेलर सोडून द्या. एनआरव्हीआयए या आरव्ही तपासनिसांच्या संघटनेचा प्रमाणित तपासनीस भाड्याने मिळतो. एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर त्या ट्रेलरचे रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्याच्या सूचना) बघा.

नवा असला तरी तपासणीला तीन-चार तास द्या. पाणी, वीज, गॅस जोडून प्रत्येक नळ, बर्नर, स्लाइड, एसी, हीटर आणि फ्रिज चालवून बघा, कपाटांखाली हात घालून ओल लागते का तपासा. सापडलेलं सगळं दुरुस्त होईपर्यंत उरलेले पैसे देऊ नका. पैसे गेले की दुरुस्तीच्या रांगेत तुमचा नंबर मागे जातो.

आठवी पायरी: जोडणं

क्रम पाठ करा आणि तो चालू असताना कुणाशी बोलू नका. चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक सरकू नये म्हणून लावायच्या पाचरी) लावा. टेलगेट, म्हणजे बेडचं मागचं फळकूट, खाली. ट्रेलरच्या पिनभोवतीची पट्टी हिचच्या पट्टीपेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा, म्हणजे ट्रक मागे येताना ट्रेलर किंचित उचलला जाईल. सावकाश मागे या, खट्ट आवाज होईपर्यंत. मग उतरून टॉर्च घेऊन बघा: दोन पट्ट्यांच्या मध्ये फट नको, आणि हिचचा जबडा पिनच्या गळ्याभोवती पूर्ण बंद हवा. ट्रेलर उंच राहिला असेल तर पिन जबड्याच्या वर नुसती टेकते. आवाज होतो, जोडल्यासारखंही वाटतं, आणि पहिल्या सिग्नलला ट्रेलर निसटून बेडच्या कडांवर बसतो. जोडणीतल्या बऱ्याच अपघातांचं मूळ हेच.

हिचची खिट्टी घाला. सात पिनांची केबल जोडा. ब्रेकअवेची तार ट्रकला अडकवा, हिचच्या निघणाऱ्या भागाला नाही. ती ओढली गेली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, म्हणून हिचच निघून आली तरी ती ट्रककडेच राहायला हवी. ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून फक्त इंचभर उचला, ओट तसेच ठेवा, कॅबमधून ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा आणि ट्रक हलकेच पुढे ओढा. पिन सुटणार असेल तर इथे सुटेल, इंचभरच पडेल आणि कडा वाचतील. मग पाय पूर्ण वर, टेलगेट बंद, ओट काढा, दिवे तपासा.

रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास वळणं घ्या. फिफ्थ व्हील वळताना ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा जास्त आत कापतं, म्हणून चौकात पुढे जाऊन उशिरा वळायचं आणि नजर मागच्या चाकांवर ठेवायची. पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. नव्या चाकांचे नट हमखास सैल पडतात.

पहिल्या मोठ्या ट्रिपला निघताना, सगळं भरून, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट स्केलवर वजन करा. ट्रकचे दोन्ही अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असे तीन आकडे मिळतात. मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं वजन करा, माणसं आणि सामान तेच ठेवून. दोन वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं खरं पिन वेट. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दारावर लिहिलेल्या त्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेला टेकत असेल तर पुढच्या कपाटातलं जड सामान मागे हलवा, पण पिन वेट १५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर ट्रेलर डुलायला लागतो. पहिल्या दोन ट्रिपा डीलरपासून तासाभराच्या अंतरावर ठेवा. जे मोडेल, गळेल, अडकेल त्याचा फोटो आणि तारीख लिहून ठेवा आणि वॉरंटीत एकदमच यादी द्या. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी एकाच वर्षाची असते आणि ट्रेलर कायमचं घर म्हणून वापरला तर बरेचदा तीही जाते.